सतराव्या घरातलं निळं कवच

सरांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. एमएस्सीची सात मुलं समोर उभी होती. मी फक्त ब्रशचं टोक ओठाला लावलं होतं. वाळूच्या कणाएवढं कवच उचलायचं तर ब्रशचे केस ओले होऊन त्यांचं बारीक टोक व्हावं लागतं, म्हणून सगळेच ओठाला लावतात. सरसुद्धा. मला ते त्यांनीच शिकवलं, पहिल्या आठवड्यात. तेव्हा त्यांना माझं आडनाव नीट कळलं नव्हतं.

"हिच्यासाठी पाण्याची वेगळी वाटी ठेवा," ते म्हणाले. "आणि ब्रश हिचा हिने आणायचा."

सगळ्यांनी माना खाली घालून मायक्रोस्कोपला डोळे लावले. दुसऱ्या दिवशी मी ब्रश विकत आणला. वाटीही मीच घरून नेली, स्टीलची. याची मला आजही लाज वाटते.

मी त्या कॉलेजात सरांच्या हाताखाली प्रोजेक्ट असिस्टंट. नाशिकच्या पायाखाली सगळा काळा दगड, पण आमचे नमुने यायचे अरबी समुद्राच्या तळातून. राखाडी चिखल. तो मी चाळणीवर धुवायचे, वाळवायचे. त्यातून फोरॅमिनिफेरा वेचायचे. लाखो वर्षांपूर्वी समुद्रात तरंगत जगलेले हे एकपेशीय जीव. मेल्यावर त्यांची कवचं तळाशी थरावर थर साचली. ती साठ छोटी घरं आखलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रजातीनुसार लावायची. या कामावर माझा जीव होता.

सर शिकवायचे छान, खोटं कशाला बोलू. धारदार काठाचं कवच वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा घडवलं, ते सांगायचे. म्हणून वरचं रूप बघून कूळ ठरवू नका. कवचाची भिंत बघा, तिची छिद्रं बघा. आणि हाच माणूस माझं आडनाव बघून ब्रश फेकतो.

मला त्यांची भीती वाटायची. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या बुटांचा आवाज आला की वेचलेलं कवच निसटायचं. पीएचडीच्या अर्जावर त्यांची सही लागणार होती. सातपूरला घरी आई रोज तेच सांगायची, "त्याची सही होस्तोवर गप राहा बाई. आपल्याला लय बोलून चालायचं नाय."

मी रोज माझी वाटी भरून कामाला बसायचे.

जानेवारीत सरांनी एका नमुन्यातून स्वतः एक कवच वेचलं. धारदार काठाचं, आणि इतक्या खालच्या, जुन्या थरात की तिथे ती प्रजाती असायलाच नको होती. म्हणजे ती समजत होतो त्याहून फार आधी जन्मली. लॅबच्या भिंतीवर लावलेल्या वंशवृक्षात एक फांदी खाली सरकणार होती, सरांच्या नावाने. पेपर लिहायला घेतला. पेढे वाटले.

मी पट्टीवरचं सतरावं घर मायक्रोस्कोपखाली धरलं. कवचाच्या तोंडाशी निळं होतं.

एक नमुना धुऊन झाला की मी चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवते. जाळीत एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात उतरलं तरी ओळखू येतं, बाजूला काढता येतं. म्हणजे हे कवच या थरातलं नव्हतंच; आधी धुतलेल्या वरच्या थरातलं, चाळणीत अडकून इथे उतरलं होतं.

तीन दिवस मी ते घर पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरून पाहिलं. चौथ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी स्वतः मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग मुलांसमोर म्हणाले, "चाळणी कोण धुतं इथे? यांच्या हातात काहीही द्या, घाण राहतेच."

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. टेबलावर माझा अर्ज आणि शेजारी चाळणीचं रजिस्टर; कुठल्या नमुन्यात निळी कवचं मिळाली ते मी त्यात नोंदवते. त्या नमुन्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'निळी कवचं नाहीत.' मी ते पेनाने गिरवायचं, खाली सही करायची. मग ते माझ्या अर्जावर सही करणार.

मी सही करणारच होते, ते लपवत नाही. पण त्यांनी पेन माझ्या हातात दिलं नाही. टेबलावरून सरकवलं.

मी त्या पेनाकडे बघत राहिले. कवच निळं होतं, म्हणजे मी चाळणी रंगात बुडवली होती. माझं काम चोख होतं. वेचताना निळं दिसलं नाही ते त्यांना. आणि घाण माझी?

"नाही सर," मी म्हणाले. "कवच निळं आहे."

पेन्सिलीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली माझ्या पेनाने लिहिलं: सतरावं घर, एक कवच, निळं. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांच्यासमोरच पानाचा फोटो काढला.

अर्ज बिनसहीचा पडून आहे. मार्चनंतर मला ठेवतील असं वाटत नाही. आई माझ्याशी धड बोलत नाही. बुटांचा आवाज आला की अजूनही वेचलेलं कवच निसटतं. पण पेपर तसाच छापायला गेला, तर तो फोटो मी संपादकांना पाठवणार.

वाटी मी सरांना नाही म्हटलं त्याच दिवशी घरी परत आणली. ब्रश आता ओठालाच लावते, सर समोर उभे असले तरी.