दिवाळसणाचं गरम पाणी

किस्से जमवायला काही करावं लागत नाही. झाशीचं पाणी कसं, रोज भांड्याला थोडं थोडं पांढरं सोडून जातं. आपण लक्ष देत नाही, आणि एक दिवस तोटीच बंद! आमच्या रेल्वे कॉलनीतले किस्से असेच साचलेत. आज थोडे खरवडते.

हे सगळं कोळशाच्या इंजिनांच्या काळातलं. आमचे हे मालगाडीवर गार्ड, म्हणजे घरी कमी आणि लाइनवर जास्त. शेजारच्या क्वार्टरमध्ये नाना आणि काकू. नाना लोको शेडमध्ये बॉयलरचे मिस्त्री, काकू साताऱ्याकडच्या. त्यांच्या आणि आमच्या न्हाणीघराची भिंत एकच. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते भिंतीतून आलेलं आहे. एकदम पक्कं!

*

काकूंनी माहेरून तांब्याचा बंब आणला होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, वर धुराडं. झाशीत असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा पेटवला तेव्हा समोरच्या तिवारीभाभी धूर बघून धावत आल्या. बंबाभोवती एक फेरी मारली, तोटी निरखली आणि विचारलं, "बहनजी, इतनी चाय पीता कौन है?"

काकूंनी सांगितलं, यात अंघोळीचं पाणी तापतं.

भाभींनी एकदा बंबाकडे पाहिलं, एकदा नानांकडे. "अच्छा! भाईसाहब शेड का काम घर ले आए!"

*

भाभी बोलल्या आणि तेच झालं. एका हिवाळ्यात बंबाच्या पोटात क्षाराचा असा थर बसला की पाणी तापेना. नाना म्हणाले, "बॉयलरच आहे तो. बॉयलरचे नियम लागू!"

शेडमध्ये इंजिनाचं बॉयलर ठरावीक दिवसांनी गार करून आतून धुतात, त्याला वॉशआउट म्हणतात. नानांनी बंबावर खडूने पुढच्या वॉशआउटची तारीख लिहिली. ती तारीख आली की घरात अंघोळी बंद, मग पाहुणे असोत नाहीतर सण. "आज इंजिन लाइनवर जाणार नाही," असं म्हणत नाना बंब उलटा करून ठेवायचे.

एकदा तर त्यांनी क्षार धरू नये म्हणून बॉयलरची पूड बंबात टाकली आणि घरात सांगायला विसरले. पाणी निघालं तांबडंलाल. काकूंना पहाटेच्या अंधारात काही दिसलं नाही. न्हाऊन बाहेर आल्या, उजेडात हात बघितले, केस पिळून बघितले.

"अहो, मी अंघोळ करून आले की चहातून गाळून आले?"

*

पण कॉलनीतल्या बायकांचा खरा राग होता वेगळ्याच गोष्टीवर. या जड पाण्याने बॉयलर खराब होतात म्हणून इंजिनांसाठी पाणी मऊ करून देणारी मशिनरी बसवलेली होती. माणसांना मात्र तेच खडकातलं पाणी! डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, केसांचा काथ्या होतो. काकू म्हणायच्या, "पुढच्या जन्मी इंजिन व्हावं. निदान न्हायला मऊ पाणी मिळेल!"

मग आम्ही घागरी घेऊन यार्डातल्या नळाकडे जायला लागलो. इंजिनात पाणी भरायचा तो उंच, सोंडेचा नळ. तो फिरवून द्यायचा हरप्रसाद. शंटिंग इंजिनाचा ड्रायव्हर, जवळच्याच टहरौली गावचा, नानांना कक्का म्हणायचा.

एक दिवस फोरमनसाहेबांनी आम्हाला पकडलं. "ये पानी इंजन का है!"

काकू घागर कमरेवर घेऊन पुढे झाल्या. "साहब, इंजन अपने आप चलता है क्या? हमारे आदमी चलाते हैं. कच्ची दाल खाके कितनी दूर चलाएँगे?"

साहेब पाठ फिरवून निघून गेले. आम्हाला वाटलं, झालं, आता नळाला कुलूप. दुसऱ्या दिवशी भीत भीत गेलो तर आमच्या आधीच कुणीतरी उभं होतं. डोक्यावरून पदर ओढलेला, हातात दोन बादल्या. फोरमनसाहेबांच्या घरच्या!

*

नाना-काकूंची सुमन, एकुलती एक, पुण्यात दिली. लग्नात विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दिवाळसणाला आमच्या बाळचे हाल होणार बाई! झाशीला म्हणे साबणाला फेससुद्धा येत नाही. आणि गरम पाण्याशिवाय तर त्याचं पानही हलत नाही."

काकूंना ते झोंबलं. ताडकन म्हणाल्या, "काळजी नको! आमच्याकडे गीझर आहे. तोटी फिरवली की गरम पाणी. आणि फेस म्हणाल तर पुसायला टॉवेल पुरत नाही!"

नानांच्या घशात जिलबी अडकली. गीझर घरात नव्हताच!

परतीच्या गाडीत काकू झाशीपर्यंत एकच गोष्ट बोलल्या. "काहीही करा. पोरीला सासरी माझ्यावरून बोल लागता कामा नये."

*

नानांनी गीझर आणला. बंब गळायला लागला होता, तो डाग द्यायला बिजौलीतल्या एका कारखान्यात पोचवला. तिथल्या कारागिराने धुराड्यातून आत डोकावून हळूच विचारलं, "चाचा, तोप किले से उठाई है क्या?"

गीझरचं कौतुक काय सांगू! तो लावला की आमच्या अख्ख्या लाइनचे दिवे मंद व्हायचे. पोरं अभ्यास करता करता ओरडायची, "नाना नहा रहे हैं!" कधी दिवे मधेच उजळले की तिवारीभाभी समोरून विचारायच्या, "भाईसाहब, इतनी जल्दी हो गया?" मग नानांनी अंघोळीची वेळच बदलली. ते भर दुपारी न्हायला लागले.

दसऱ्याच्या सुमारास पाणी कोमट यायला लागलं. सिविल लाइन्समधून मेकॅनिक आला. त्याने आतली कॉइल बाहेर काढली तर ती दिसेचना. तिच्यावर पांढऱ्या क्षाराचं नुसतं जाडजूड कणीस! तो म्हणाला, "यहाँ के पानी में यही होगा, चाचाजी. साफ़ करवाते रहिए." आणि साफ करून, जोडून गेला.

गीझर पुन्हा छान चालायला लागला. इथे थांबायचं की नाही? पण नाना बॉयलरचे माणूस!

*

शेडमध्ये उघडलेलं बॉयलर दाबाची परीक्षा पास झाल्याशिवाय लाइनवर जात नाही. आत गार पाणी भरायचं आणि हातपंपाने दाबत जायचं. कुठे फुटायचं असेल तर परीक्षेतच फुटावं, हा हेतू. नाना म्हणाले, "परक्या माणसाने उघडलेलं बॉयलर. पास केल्याशिवाय मी जावयाला त्याच्याखाली बसवणार नाही!"

जावई धनत्रयोदशीला संध्याकाळी यायचे होते. नानांनी त्याच दिवशी सकाळी पंप लावला.

भिंतीपलीकडून मला पंपाचा आवाज येत होता. मग नानांचा, "बघ, अजून घेतोय!" मग फट्! मग पाणी वाहिल्याचा आवाज. मग नाना, अगदी हळू आवाजात.

"नापास."

मी धावत गेले तर काकू ओल्या न्हाणीघरात पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बंब बिजौलीत, कारखाना दिवाळीसाठी बंद, गीझर टराटरा फाटलेला. मी म्हटलं, आमच्याकडे पातेल्यात तापवून देते. त्या म्हणाल्या, "मी लग्नात तोटी म्हटलंय गं. पातेलं नाही म्हटलं." मला फार वाईट वाटलं.

नाना दारात उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "तोटीच फिरवतील. माझा शब्द." आणि चप्पल घालून यार्डाकडे गेले.

हरप्रसादने सगळं ऐकून घेतलं आणि विडी विझवली. "पाउने खों गरम पानी चानें न, कक्का? मिल जैहे."

*

नरकचतुर्दशीची पहाट. जावयांना तेल-उटणं लावून झालं. कारीट झाशीत कुठलं मिळायला! हरप्रसादने शेतातून आणून दिलेली कचरी, तसलंच एक रानफळ, त्यांनी पायाखाली फोडली आणि ते न्हाणीघरात शिरले. भिंतीवर गीझर ऐटीत लटकलेला, फाटलेली बाजू भिंतीकडे. खाली गार पाण्याची बादली भरलेली. मी अलीकडे भिंतीला कान लावून.

क्वार्टरांच्या मागच्या सायडिंगला शंटिंग इंजिन फुसफुसत उभं होतं. ते तिथे रोजच उभं असायचं. फक्त त्या दिवशी त्याच्या कोळशावर बॉयलरचं कढत पाणी मारायच्या नळीला एक लांब रबरी पाइप जोडलेला होता, आणि तो आमच्या तुळशीमागून, त्यांच्या झरोक्यातून थेट गीझरच्या तोटीला गेला होता.

जावयांनी तोटी फिरवली. कढत पाणी धो धो!

"आई," आतून आवाज आला, "अहो काय पाणी आहे! आणि फेस किती येतोय! पुण्यात असा येत नाही!"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते, भिंत सोडून आता दारातून वाकून.

तेवढ्यात यार्डाचा सिग्नल पडला. हरप्रसादला आता निघणं भाग होतं, पण पाइप अडकलेला. बिचाऱ्याने जरा वाट पाहिली. मग दिली एक शिट्टी! लांबलचक! खिडक्या थरथरल्या. आत तांब्या खाली पडल्याचा आवाज झाला.

"आई! हे काय होतं?"

काकूंनी एक श्वासही वाया घालवला नाही. "काही नाही, जावईबापू! आपला गीझर आहे. पाणी संपत आलं की शिट्टी देतो. आवरा आता!"

"अच्छा! फारच सोयीचं आहे हो!"

भाऊबीज झाली, जावई खुशीत पुण्याला गेले. महिन्याभराने सुमनचा दीर कामासाठी झाशीला आला. चहा पिता पिता म्हणाला, "आईने खास निरोप दिलाय. दादाने पुण्यातली सगळी दुकानं पालथी घातली, पण शिट्टीचा गीझर कुठेच मिळाला नाही. म्हणून आई म्हणाली, काय पैसे होतील ते देऊ, पण तस्साच एक झाशीहून पाठवा."

काकूंनी शांतपणे कपबश्या उचलल्या आणि नानांकडे वळल्या.

"ऐकलंत ना? पाठवा आता!"