तारीखवाल्या मावशी

समोरची बाई ढसाढसा रडत असली तरी मावशी आधी तारीख विचारायच्या. पाण्याची बाटली पुढे करायच्या, स्टूल सरकवायच्या, पण पहिला प्रश्न तोच, "शेवटचा तरास कवा झाला?" बेलापूरच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली लॅपटॉप आणि प्रिंटर मांडून त्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. पहिल्या दिवशी मला त्या दगडाच्या काळजाच्या वाटल्या, हे कबूल करते.

तेव्हा मला उरणचं सासर सोडून चार वर्षं झाली होती. लेकीला घेऊन मी जुईनगरला आईकडे राहत होते. सासूबाई आणि दीर अधूनमधून तिच्या शाळेच्या गेटवर येऊन "पोरीला उचलून नेऊ" म्हणून धमकावायचे. त्यांनी तिच्या जवळ फिरकू नये, एवढंच मला हवं होतं. पण सोसायटीतल्या जाणत्यांनी केव्हाच निकाल लावला होता, "तीन वर्षं उलटली, आता छळाची केस बसत नाय." म्हणून मावशींकडे गेले ती शाळेला द्यायचं साधं पत्र टाइप करून घ्यायला.

त्यांनी तारीख विचारली आणि मी लग्नापासून सुरुवात केली. मानपान, रुसवे, पहिली थप्पड. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "समद्या बाया लग्नापासून सांगत्यात. कायदा शेवटून मोजतो, बाई. पोलिसातल्या केसला तीन वर्षं, ती बी शेवटच्या तरासापासून. घरगुती हिंसाचाराचा अर्ज निराळा, त्याला तशी मुदत न्हाई. उशीर का झाला ते खरं लिव्हायचं. मी काय वकील न्हाई, आत मोफत सल्ल्याच्या मॅडम हायेत, त्यांना इचार. पर आदी घरचं कॅलेंडर घेऊन ये."

मावशींचा सगळा विश्वास भिंतीवरच्या कॅलेंडरवर. गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, पोराचा पेपर कधी, बायका सगळं त्या चौकोनांत लिहितात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या कॅलेंडरवर आईच्या 'दूध नाही'खाली माझ्या अक्षरात 'दीर गेटवर, कामावर हाफ डे' निघालं. दोन महिन्यांत तीनदा. कोणी हात उचलला नव्हता, म्हणून मी ते धरलंच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मार खाल्ला तरच तरास व्हय? येडी का काय!"

बाकी त्यांच्या स्वतःच्या तारखांचा आनंदच होता. वाढदिवस विचारला तर म्हणाल्या, "एक जून. मास्तरनं शाळंत घालताना लिव्हला. आमच्या गावात अर्धा वर्ग एक जूनचा हाय." आणि स्वतःच पोट धरून हसल्या.

आतल्या मॅडमनी अर्ज लावला. काही महिन्यांनी आदेश आला, त्या दोघांनी शाळेच्या आसपास जायचं नाही. पेढे घेऊन गेले तर मावशींनी डबा बाजूला ठेवला. "आदी झेरॉक्स काढ, शाळंत दे. मग पेढं."

गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला तशा त्या बीडकडच्या गावी मुलाकडे गेल्या. फोनवर सांगतात, "सून लई कडक हाय, चा दोनदाच देती," आणि आवाजात समाधान मावत नाही.

लेक आता सातवीत आहे. मैत्रिणींबरोबर टिवल्याबावल्या करत घरी येते, वाटेत वडापाव खात थांबते. उशीर झाला की मी तिला चांगली फैलावर घेते. पूर्वी पाच मिनिटं उशीर झाला तरी मी शाळेच्या गेटकडे धावत सुटायचे. आता नुसता राग येतो, आणि तो मला मावशींनी मिळवून दिलाय.