मामांचं खळं
माझ्यावर सर्वांत मोठे उपकार मामांचे. शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा वास आला की आमगावजवळचं त्यांचं खळं आठवतं. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि शाळेनं मला तिथल्या राज्यस्तरीय थाळीफेकीच्या स्पर्धेला पाठवायचं ठरवलं होतं. थाळी फेकताना गिरकी घ्यायला सपाट, टणक जागा लागते. कापणी झालेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, तर धसकटं पायात घुसत. मामांनी धान चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, तयार केलेलं खळंच मला दिलं. रोज माझ्या टाचांनी ते उकरलं जाई, रोज मामा ते पुन्हा सारवत. कापलेल्या धानाचे पुंजणे शेजारी तसेच उभे होते. एकदा मामी म्हणाली, "सारं गाव चुरून मोकळं झालं, अन् आपल्या खळ्यात भाचा भवऱ्यावानी फिरून राहिला. घरचा तांदूळ सरला, आता खायचं काय जी?" मामा म्हणाले, "तवर कण्या शिजव. धान कुठी पळून नाही जात. त्याले फिरू दे." पुढे मी राज्यात पहिला आलो, खेळाच्या जोरावर कॉलेजात शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. पण त्या दिवशी नागपुरात निकाल लागताच मी पोस्टात जाऊन मामांना कार्ड टाकलं: "मामा, पहिला आलो. आता धान चुरून घ्या."