उघड्या दाराची संघटना

माझ्या आत्याला सोसायटीने खोली सोडायला सांगितलं, तिथून आमची राष्ट्रीय संघटना सुरू झाली. आता भाषणांत लोक फार उदात्त कारणं सांगतात. सांगू देत. खरं कारण एक खोली आहे.

रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी गाव. तिथे एका सोसायटीत तळमजल्यावर आत्या रिफ्लेक्सॉलॉजी करते. म्हणजे तळपायावरचे ठरावीक बिंदू अंगठ्याने दाबते. माणसाला बरं वाटतं, झोप लागते, एवढंच. पण दार बंद असायचं, आणि बंद दाराआड मालिश म्हटलं की सभ्य माणसांची डोकी कुठल्या गटारात जातात ते मी लिहायला नको. अध्यक्षांनी कळवलं, पुढच्या सभेत विषय घेतोय, त्याआधी दुसरीकडे बघा.

मी कंपन्यांच्या सांडपाण्याविरुद्ध पत्रकं वाटून तयार झालेली मुलगी. लगेच एक पत्रक लिहून जिन्याजिन्यात टाकलं. मथळा, ‘पायाला हात लावणं हा गुन्हा आहे का?’

आत्याने ते नीट वाचलं. म्हणाली, “भाषा झकास हाय गो. पण एकटीच्या भांडणाला लोक तमाशा म्हणतात. माझ्यासारखी आणखी माणसं शोध.”

शोधली. पेणला रामवाडीत एक निवृत्त कंपाउंडर हेच काम करत होते. कासू गावची एक बाई घरोघर जाऊन करायची. कंपाउंडरकाकांच्या ओटीवर आम्ही बसलो. मला पाय दाबता येत नाहीत, पण लिहिणारं कोणीतरी लागतंच. नावात ‘राष्ट्रीय’ हवंच, असं मी म्हटलं. काका हसले, पेणमध्ये आपल्याला कोण विचारत नाय आणि म्हणे राष्ट्रीय. मी विचारलं, खोली सोडा म्हणणारे देशभर आहेत, मग संघटना तालुक्याचीच का? त्या उर्मटपणाचा मला आजही अभिमान आहे.

नियमांवर मात्र जुंपली. आजार बरा करतो असं सांगायचं नाही, यावर एकमत झालं. मग आत्याने मांडलं, काम करताना दार उघडं ठेवायचं. कासूची बाई भडकली. दार काय आपण हौसेनं लावतो का, असं तिचं म्हणणं. खरंच होतं ते. आपल्यात धाकट्याने थोरल्याच्या पायांना हात लावायचा. इथे साठीची बाई विशीतल्या सुनेचा पाय मांडीवर घेणार. सुना आधी आत्याच्या पाया पडायच्या आणि मग दार लावून घ्या म्हणायच्या. दार लाजेपायी बंद, आणि बंद दारावरून बदनामी. आत्या हटली नाही, नियम झाला.

तिने दाराचा पडदासुद्धा काढला. गिऱ्हाईक तुटलं. सभा तोंडावर आली तरी खुर्ची रिकामीच. खोली आता आमच्याच नियमाने जाणार, असं मला वाटायला लागलं.

अखेर वरच्या मजल्यावरची सून आली, कंपनीत उभ्याने शिफ्ट करणारी. ती टेकते न टेकते तोच तिची सासू दारात.

“लाज हाय का? आईच्या वयाची बाई, तिच्या हातात पाय देतेस?”

सुनेने पाय ओढला. आत्याने सोडला नाही.

“तिनं नाय दिला, मी घेतलाय. माझं काम हाय ते. चपला काढा नि बसा, तुमचापण बघते.”

सासू बसली नाही, पण गेलीही नाही. उंबऱ्यात उभी राहून तिने शेवटपर्यंत पहारा दिला. पुढच्या वेळी सून आली तेव्हा सासू स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली.

सभेत अध्यक्ष म्हणाले, तक्रारी आहेत. कोणाच्या, ते सांगेनात. मी उठणार एवढ्यात सासू जागेवरूनच बोलली.

“मी सोताच्या डोळ्यांनी बघते. पाय दाबते ती. तुमच्या डोक्यात काय हाय ते तुम्ही बघा.”

लोक हसले आणि विषय तिथेच संपला. माझं भाषण राहिलं ते राहिलंच.

ही गोष्ट फिरत गेली. हेच काम करणाऱ्यांचे सुरतहून फोन आले, मग केरळातून, आसामातून. भाषा वेगळी, अपमान तोच. काही शहरी प्रशिक्षकांना संघटना फक्त प्रमाणपत्रवाल्यांची हवी होती. मी तोंडावर सांगितलं, हाकलणारा घरमालक प्रमाणपत्र वाचत बसत नाही. पेणच्या अधिवेशनात सगळ्यांनी हात वर करून उघड्या दाराचा नियम देशासाठी मंजूर केला. आमच्या पेणमध्ये!

तिथेच ओडिशाची एक सभासद उभी राहिली. घरमालक तिला काढत होता. चहा येण्याआधी तिच्या भागातल्या सभासदांनी ठरवून टाकलं, आळीपाळीने तिच्याकडे जाऊन बसायचं, खुर्ची रस्त्यावरून दिसेल अशी. बसले. घरमालकाने माघार घेतली.

तिचा फोन आला तेव्हा आत्या कामात होती. मी स्पीकर लावला. बाई हिंदीत आभार मानता मानता रडायला लागली. आत्याचा अंगठा थांबला नाही.

“विचार तिला, गिऱ्हाईक येतंय का?”

येतंय, म्हणाली.

“मग रडते कशाला,” आत्या म्हणाली आणि समोरच्या बाईला दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.