पाचवी खेळाडू

भाईंदरच्या जेसल पार्कात आमच्या इमारतीमागे बरीच वर्षं एक रिकामी जागा पडून होती, तिथे आता बास्केटबॉलचं कोर्ट होतंय. परवा सकाळी दूध घेऊन परत येत होते, तर दोन रंगारी उकिडवे बसून निळ्या जमिनीवर पांढरी रेघ ओढत होते. ऊन कोवळं होतं, खाडीकडून खारट वारा येत होता आणि त्या वाऱ्यावर ऑइलपेंटचा तो उग्र, थेट डोक्यात जाणारा वास. एखाद्याला अशा वासाने नव्या घराची आठवण होत असेल, दिवाळीची होत असेल. माझे मात्र दात एकमेकांवर घट्ट बसले. नोकरीच्या, संसाराच्या गाळात कधीच खाली बसला असं मला वाटत होतं तो राग असा एकदम ढवळून वर आला, की हातातल्या पिशवीतून दूध गळतंय हेसुद्धा मला शेजारणीने सांगावं लागलं.

आमचं कॉलेज भाईंदर पश्चिमेला होतं. कॉलेज म्हणजे एक चार मजली इमारत, आणि ती इमारत व शेजारच्या सोसायटीची भिंत यांच्या मधल्या पट्टीत कसंबसं बसवलेलं आमचं कोर्ट. एका बाजूचं रिंग किंचित वाकलेलं होतं आणि ते किती वाकलंय हे आमच्या मनगटांना पाठ झालं होतं. मुंबईतल्या मोठ्या कॉलेजांच्या मुलींना गुळगुळीत लाकडी कोर्ट तयार मिळायचं. आम्हाला आमचं कोर्ट दर वर्षी आधी शेवाळाखालून शोधून काढावं लागे. पावसाने जरा उघडीप दिली की झाडू, ब्रश, बादल्या घेऊन आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसायचो आणि मग आमचे सर एक दोरी ताणून धरायचे, तिच्या कडेने आम्ही रेघा रंगवायचो. ते रंगवणं म्हणजेच आमच्यासाठी मोसमाची सुरुवात. रंग वाळेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. तेवढा वेळ आम्ही भिंतीला टेकून बसायचो आणि त्या ओल्या पांढऱ्या चौकटीत जे अजून घडायचं होतं ते सगळं जणू घडलेलंच बघायचो.

आमच्यात एक मुलगी होती, जुन्या भाईंदरातल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आम्ही बाकीच्या परळ-लालबाग सोडून इकडे फ्लॅट घेतलेल्या नोकरदारांच्या पोरी, नाहीतर मारवाडी, गुजराती, उत्तर प्रदेशातल्या. इथली, अगदी मूळची, अशी ती एकटीच. उंचीने बेताची, धावण्यात माझ्याहून थोडी मागेच. पण तिला कोर्ट दिसायचं. आपल्याला जागा दिसते, तिला ती जागा व्हायच्या आधी दिसायची. तिने बॉल फेकला की वाटायचं, चुकला, तिथे तर कोणीच नाही. आणि मग आपलेच पाय आपल्याला तिथे घेऊन जायचे, बॉल तळहातात येऊन बसायचा. बारावीनंतर तिच्या वडिलांचा हात होडीच्या इंजिनात सापडला. बोटं गेली. त्या वर्षी तिने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आईबरोबर पहाटे मासळी आणायची, बाजारात बसायची, धाकट्यांचं बघायची. वडील उठून बसू लागले तेव्हा ती परत आली आणि आमच्या वर्गात बसली. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. उलट, मिळाली हे आमचं नशीब वाटलं होतं.

ज्या मोसमाबद्दल मी बोलतेय तो कोविडच्या आधीचा, आमच्या शेवटच्या वर्षाचा. आदल्या वर्षी एका बड्या कॉलेजशी आम्ही अगदी हातातोंडाशी आलेली मॅच हरलो होतो आणि यंदा आमच्यातली एकही मुलगी सोडून गेली नव्हती. सर फार मोठं बोलणारे नव्हते. पण त्या जुलैत, दोरी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "यंदा होईल." बस, एवढंच. तो शब्द आमच्यात तापासारखा पसरला. कोपऱ्यावरचा चहावाला विचारू लागला, यंदा काय? माझे बाबा, ज्यांना बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल यांतला फरक माहीत नव्हता, तेही जेवताना म्हणाले, यंदा तुमचं काहीतरी होणार म्हणे. त्याच वर्षी खेळाचे काही नियम बदलले होते. रिंगला लागून परत आपल्याच हाती आलेल्या बॉलसाठी आता पूर्वीपेक्षा कमी सेकंद मिळणार होते. आमच्याकडे ते सेकंद दाखवणारं घड्याळच नव्हतं. मग सर हातात स्टॉपवॉच घेऊन रेघेबाहेर उभे राहायचे आणि मुंजीतल्या भटजींसारखे खणखणीत आवाजात आकडे म्हणायचे. आम्ही हसत हसत तो नियम अंगात मुरवला. नियम बदलला तर आपणही बदलायचं, त्यात रागावण्यासारखं काय आहे, अशी आमची भाबडी समजूत होती.

तिच्यासाठी मात्र ते 'यंदा' आमच्यापेक्षा जड होतं. या स्पर्धेतूनच विद्यापीठाचा संघ निवडला जायचा आणि त्या संघात खेळलेल्या मुलीला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत दार उघडं असायचं. "मला रेल्वेत जावाचा हाय," ती म्हणायची. "टीसी व्हईन. तुमी बिनतिकीट आल्या ना, तर तुमाला पन न्हाय सोडनार."

आणि मग एके संध्याकाळी सर हातात एक कागद घेऊन आले आणि स्टॉपवॉच न काढताच उभे राहिले. विद्यापीठाचा नवीन नियम आला होता, या मोसमापासून लागू. बारावीनंतर ज्या विद्यार्थ्याच्या शिक्षणात खंड पडला आहे त्याला कॉलेजच्या संघातून खेळता येणार नाही. सरांनी ते एकदा वाचलं, मग त्यांनाच ऐकू आलं नसावं तसं पुन्हा वाचलं. आमची मारवाडी फॉरवर्ड म्हणाली, "सर, ये तो चीटिंग है ना?" सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं इतकं ढळढळीत होतं की शेवटी तीच म्हणाली, "म्हंजे मी."

आम्ही गेलो की विद्यापीठाच्या क्रीडा विभागात भांडायला. सर, मी कप्तान म्हणून, ती, आणि बाजार बंद करून आलेली तिची आई. तिथले साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायला हवं. कारण ते खेकसले असते, त्यांनी आम्हाला हाकललं असतं, तर माझा राग कदाचित तिथेच संपला असता. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"हे बघा," ते सरांना म्हणाले, "मोठी कॉलेजं काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. चांगले खेळाडू वर्षानुवर्षं धरून ठेवतात. मध्येच सोडतात, परत आणतात. त्यांना आळा घालायला हा नियम केलाय."

"पण हिचं तसं नाहीये, साहेब. वडिलांचा अपघात झाला होता. हॉस्पिटलचे सगळे कागद आणलेत."

"मला पटतंय हो. हा नियम हिच्यासाठी नाहीच आहे. पण ही त्यात सापडते, त्याला मी काय करू?"

तिची आई इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती उठून उभी राहिली. "सायेब, माझे पोरीनं चोरी केली हाय का? बाप पडला तवा तिनं घर धरला. त्याची ही शिक्षा हाय?"

"मावशी, शिक्षा नाही. नियम आहे," साहेब म्हणाले, आणि फार मायेने म्हणाले.

त्या मायेला मी आजही क्षमा करू शकत नाही. माणसाला चिरडायचं आणि वर कपबशी पुढे सरकवायची. खंड! किती सभ्य शब्द आहे. जणू ती वर्षभर कुठे थंड हवेच्या ठिकाणी जाऊन बसली होती. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे उतरणारी मुलगी त्यांच्या भाषेत 'खंड' होते. ज्यांच्या घरात कधी काही कोसळत नाही त्यांचं शिक्षण अखंड असतं. कोसळलेलं घर सावरून जी परत येते, तिचा अभिमान वाटायला हवा, तर तिच्याकडे हे संशयाने बघणार.

परत येताना भाईंदर आल्यावर ती मला म्हणाली, "उद्या पॅक्टिसला येऊ का नको?" मी म्हटलं, ये. ती आली. रोज आली. तिची जागा आता मला खेळायची होती आणि ती मला ती शिकवत होती. "बॉलकडं नको बगू, बॉल कुठं जातोय? पोरींकडं बग," असं ओरडायची, चिडायची, माझा खांदा धरून मला वळवायची. आपलीच जागा दुसरीला अशी हाताने भरवताना तिला काय होत असेल, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पहिलीच मॅच त्या बड्या कॉलेजशी पडली. त्यांच्या संघात एक खेळाडू होती जिला आम्ही पहिल्या वर्षापासून बघत होतो आणि आमच्या आधीच्या मुलीही बघत होत्या. एक पदवी संपली की दुसरी, दुसरी संपली की कुठलासा कोर्स. तिच्या शिक्षणात एका दिवसाचाही खंड नव्हता. ज्यांना धरायला नियम केला ते ऐटीत वॉर्मअप करत होते, आणि आमची मुलगी कॉलेजचा टीशर्ट घालून समोरच्या पायऱ्यांवर, प्रेक्षकांत बसली होती. संघात नाव नाही म्हणून तिला आमच्या बाकावरही बसता येत नव्हतं.

आम्ही पाचजणींनी आदल्या दिवशी ठरवलं होतं, सरांना न सांगता. बॉल उडाला, खेळ सुरू झाला, आणि आमची सगळ्यात उंच मुलगी शांतपणे चालत रेघेबाहेर जाऊन उभी राहिली. आम्ही चौघी आत. रेफरीने शिट्टी मारली.

"पाचवी कुठे आहे?"

"ती तिथे बसलीय, सर," मी म्हटलं आणि पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

त्यांनी तिकडे पाहिलं. त्यांच्याही कानावर काहीतरी आलं असावं. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, मला टेक्निकल फाउल द्यावा लागेल."

"द्या."

त्यांनी दिला. फ्री थ्रो घ्यायला समोरच्या संघाची तीच जुनी खेळाडू आली. आज ही गोष्ट मी कोणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं, तिने तो मुद्दाम चुकवला असेल. नाही. तिने दोनदा बॉल आपटला आणि नीट घातला. तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "येड्या झाल्या का गो तुमी? फुकट पॉइंट दिला! पाच जनी खेला!" 'पाच' म्हणताना तिचा आवाज चिरकला. ती उभी राहिली होती, मुठी आवळून, आणि आमच्यावर संतापली होती. आम्हाला वाटलं होतं आपण तिच्यासाठी काहीतरी थोर करतोय. तिला थोर काही नकोच होतं. तिला खेळ हवा होता.

मग आम्ही पाचजणी खेळलो. जीव तोडून खेळलो, आणि हरलो. तो एक पॉइंट मध्ये येऊ नये इतक्या फरकाने हरलो. विद्यापीठाच्या संघात त्यांच्या त्या खेळाडूची निवड झाली. सर त्यानंतरही कागद घेऊन त्या ऑफिसच्या खेपा घालत राहिले. पुढच्या वर्षी नियमात एक ओळ वाढली: घरगुती अडचणीचा सबळ पुरावा असल्यास सूट. एक ओळ! ती लिहायला कोणाला किती वेळ लागला असेल? पण तोवर आमच्या परीक्षा होऊन गेल्या होत्या, ती पदवीधर झाली होती आणि कोणत्याच संघात बसत नव्हती. तिने पोलीस भरती दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. मग आईचे गुडघे दुखू लागले आणि ती आईच्या जागेवर बसली.

मासे विकणं हलकं आहे म्हणून मला राग येतो असं समजू नका. त्या बाजारातल्या बायकांनी अख्खी घरं उभी केलीत, तिच्या आईने तिचं शिक्षण त्याच पाटीवर केलं. मला राग येतो तो, तिला निवडूच दिलं नाही याचा.

परवा संध्याकाळी मी मुद्दाम बाजारात गेले. ती बोंबील निवडत होती. मला बघून हसली, बाजूचा पाट सरकवून म्हणाली, "बस." मी तिला आमच्या मागच्या कोर्टाबद्दल सांगितलं, आणि मग माझा तोल गेला. ते साहेब, तो चहा, ती वाढलेली ओळ, सगळं पुन्हा बोलून गेले. ती ऐकत होती आणि हात चालू होते. मध्येच एका गिऱ्हाइकाला तिने हिंदीत भाव सांगितला, माप घातलं, पिशवी दिली.

"तुजा अजून तेच चाललंय?" ती म्हणाली.

"तुला राग येत नाही?"

"राग करून मी धंद्याला बसू का? समोर मानूस उबा ऱ्हातो, त्याला हसून बोलावा लागतो." तिने कोयता पाण्यात बुडवला. "तू कर राग. तुला परवडतो."

त्यात टोमणा नव्हता. तिने मला बोंबील साफ करून दिले, वर चार जास्त घातले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी बाजाराबाहेर आले तेव्हा दिवे लागत होते. काळ सगळं बरं करतो असं माणसं म्हणतात, आणि तिच्यासारखे हसरे चेहरे दाखवून आपल्याला पटवूनही देतात. बघा, ती विसरली, तिने माफ केलं. पण मला माहीत आहे, तिने कोणालाही माफ केलेलं नाही. तिला रागवायला फुरसत मिळालेली नाही, एवढंच. मला मिळालीय.