बोक्याचं नाव डुंबार

कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या कारखान्यात नेमकं काय बनतं हे धड माहीत नसावं, यात हसण्यासारखं काही नाही. गेटवाल्यांचं काम गेटवर. गाडी आली की नंबर लिहायचा, माणूस आला की पास बघायचा, आडवा दांडा वर करायचा, खाली करायचा. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता आत शिरणाऱ्यांविषयी त्यांचं मत काय आहे हे साऱ्या पाळीला तोंडपाठ होतं. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘गेटवाले’ म्हणत. खरं नाव होतं, ओळखपत्रावर छापलेलं होतं. पण गेटवर ओळखपत्र दुसऱ्याचं बघतात.

तर अशा या माणसाला दुखणं एकच होतं. मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला होता. जेवायला तीनदा हाक मारून उठेना, तेव्हा गेटवाल्यांनी जाऊन भिंतीतला प्लगच उपटला. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण म्हणाले, “असल्या रिकामटेकड्या धंद्यात जन्म घालवणारा माझा मुलगा नव्हे.” तोंडातून सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. मुलाने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, तीही गेमसाठी चित्रं काढायची. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. गेटवाल्यांनी उचलला तर पलीकडून दोनच शब्द: “आईला द्या.” गेटवाले मुकाट्याने फोन पुढे करायचे आणि उगाच वर्तमानपत्र उलगडायचे.

मुलाच्या रिकाम्या खोलीत अलीकडे एक बोका येऊन राहिला होता. करड्या रंगाचा, एक कान फाटलेला, आणि रुबाब असा की घर त्याच्या नावावर असावं. मुलाच्या खुर्चीवरच झोपायचा. गेटवाल्यांच्या बाईंनी त्याला हाकललं नाही. खोलीत कुणीतरी आहे, एवढंच त्यांना पुरे होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे त्याला लस टोचून आणायचं ठरलं, तेव्हा तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं की कार्डावर नाव लागेल.

हे रविवारी मुलाच्या कानावर गेलं. फोन स्पीकरवर होता.

“गेममधलं एखादं नाव ठेव, आई.”

“मला बाई कुठली ठाऊक गेममधली नावं! तूच सांग.”

“बाबांना विचार,” मुलगा म्हणाला. “ते म्हणतील, बोक्याला नाव कशाला, बोका म्हणजे बोका.”

गेटवाले वर्तमानपत्राआड होते. ते खरोखर हेच म्हणणार होते, म्हणून तर त्यांना ते जास्त झोंबलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, “अगं, नाव मी ठेवणार.”

“तुम्ही?” बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. “अहो, तुम्हाला साधा मोबाइल लावता येत नाही.”

दवाखान्यात काम करणारी एक मुलगी वरच्या मजल्यावर राहायची, तिला बोलावणं गेलं. तिने नावांची रास ओतली. बॉस? “बॉस कारखान्यात आहे तेवढा पुरे.” निन्जा? “कान फाटलेला निन्जा?” लेव्हल? “हे काय नाव झालं!” शेवटी ती वैतागून म्हणाली, “काका, त्याच्या कॉम्प्युटरवर गेम आहे अजून. तुम्हीच बघा खेळून.” आणि तिने बाण काढलेली चार बटणं दाखवली, बोलायचं लांबडं बटण दाखवलं, आणि सुटका करून घेतली.

सोमवारी पाळी संपवून गेटवाले तीन वाजता खोलीत शिरले. बोक्याने खुर्ची सोडली नाही. ते स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बसले. पडद्यावर डोंगर, पायवाट आणि एका गावाची वेस. वेशीपाशी शेकोटी, शेजारी फाटकी घोंगडी पांघरलेला म्हातारा दारवान. गेटवाल्यांना बरं वाटलं. चला, ओळखीचं काहीतरी निघालं.

त्यांनी लांबडं बटण दाबलं. खाली अक्षरं उमटली: ‘वाट लांबची आहे. शेकून जा.’

आता वेस उघडीच होती. कुणीही धावत आत जावं, तलवारी गोळा कराव्यात, मारामाऱ्या कराव्यात, असाच तो गेम होता. पण गेटवाले थांबले. दारवानाने ‘शेकून जा’ म्हटलं होतं, ‘आत जा’ म्हटलं नव्हतं. परवानगी मिळेपर्यंत उभं राहणं हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. चहाची वेळ झाली तेव्हा त्यांनी निघताना पुन्हा बटण दाबलं. न सांगता जाणं बरं दिसत नाही.

पुढे रोज तेच. तीनला गेले की राम राम, निघताना राम राम, मध्ये वाटलं तर आणखी एकदा. उत्तर ठरलेलं: ‘वाट लांबची आहे. शेकून जा.’ गेटवाल्यांना त्याचा राग आला नाही. एकतीस वर्षं तेही “पास दाखवा” एवढंच म्हणत आले होते. जुन्या वहीत त्यांनी नोंद ठेवली: वार, वेळ, बोलणं झालं. बाई दारातून डोकावून म्हणायच्या, “मिळालं का नाव?” हे म्हणायचे, “अजून आत सोडलं नाही.”

दुसऱ्या शनिवारी, निघतानाच्या राम रामाला, अक्षरं बदलली. ‘तुम्ही रोज थांबता. इथे कुणी थांबत नाही. माझं नाव डुंबार.’

गेटवाले बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि बघायला बोक्याशिवाय कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते पुसलेही नाहीत.

रविवारी फोन वाजला. त्यांनीच उचलला. “आईला...” एवढं ऐकू आलं आणि ते घाईघाईने म्हणाले, “बोक्याचं नाव ठेवलं. डुंबार.”

“कोण डुंबार?”

“तुझ्या गेममधला. वेशीवर बसतो तो.”

“तो म्हातारा?” मुलाचा आवाज बदलला. “त्याला नाव नाहीये बाबा. आठ वर्षं खेळतोय मी.”

“आहे. त्यानेच सांगितलं. वहीत लिहून ठेवलंय, काल चार वाजून दहा मिनिटं.” मग ते अडखळले. “तेरा दिवस बसलो त्याच्यापाशी. तुझा तो गेम... रिकामटेकड्यांचा नाही रे. मी चुकीचं बोललो होतो.”

बाई पदराला हात पुसत आल्या आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. गेटवाल्यांनीही सवयीने तो कानावरून काढला.

“बाबा, आईला देऊ नका,” मुलगा म्हणाला. “कॉम्प्युटर सुरू करा. तेरा दिवस वेशीवर उभे राहिलात? ते गेट उघडंच असतं हो. चला, मी नेतो आत.”