नशिबाच्या नावानं

इंद्रायणी माने मूळच्या तासगावच्या. नवऱ्याच्या बदलीपायी चंदीगडला आल्या आणि एका खाजगी कंपनीत स्टेनो झाल्या. बावीस वर्षांत साहेबांचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नव्हता.

त्या दिवशी भल्लासाहेब कामावरून कमी करायची पत्रं बाईंना उतरवायला सांगत होते. प्रत्येकाची सुरुवात एकच, 'अनफॉर्च्युनेटली', म्हणजे दुर्दैवानं. नाव शेवटी सांगायची त्यांची सवय. सातव्या पत्राच्या शेवटी ते खिडकीकडं बघत म्हणाले, "मिसेस आय. माने."

हातानं सवयीनं नाव उतरवलं, मग बाईंनी ते पुन्हा वाचलं.

"अगं आई!"

"पढके सुनाइए जी," साहेब पुटपुटले.

पहिल्याच शब्दाला बाई थांबल्या. "सर, घर जले, बाढ आए, तब लगाते हैं ये शब्द. यहाँ नसीब कहाँ से आया? तय तो आपने किया ना?"



बाईंनी तो शब्द खोडला, मग मागच्या सहा पत्रांतलाही खोडला. टाइप होऊन आलेल्या सातही कागदांवर साहेबांनी मुकाट सह्या केल्या. स्वतःचं पत्र हातात घेऊन बाई कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्यावरचं नाव त्यांना आपलं वाटंना.